लाकडी ब्रशचे केस का गळतात? लाकूड, तंतू, धुणं, वाळवणं, तेल – सगळं एकाच व्हिडिओत

नमस्कार मंडळी! आज हाताने बनवलेले लाकडी ब्रश. केस विंचरायचा, भांडी घासायचा, बूट चमकवायचा, दाढीचा, कपड्यांवरची धूळ झटकायचा, सगळेच आले यात. कमेंटमध्ये तोच तोच प्रश्न येत असतो की महागाचा लाकडी ब्रश घेतला आणि काही महिन्यांत केस गळायला लागले, लाकडाला चीर गेली, वास यायला लागला, म्हणजे आम्हाला फसवलं का? तर कधीकधी हो, फसवलेलं असतं. पण बऱ्याचदा ब्रश चांगलाच असतो आणि आपण त्याला पाण्यात झोपवलेलं असतं.

तर पहिली गोष्ट ही करा. तुमचा ब्रश हातात घ्या, केस बोटांनी बाजूला सारा आणि ते जिथून बाहेर येतात ती भोकं नीट बघा. [ब्रश कॅमेऱ्याजवळ, केस बाजूला केलेले] दिसतायत? या प्रत्येक भोकात केसांचा एक झुबका मधोमध दुमडून बसवलेला असतो. ब्रश खराब होतो तो बहुतेक वेळा इथून होतो. केस झिजून ब्रश बाद व्हायला खूप वर्षं लागतात, भोकं सैल व्हायला मात्र एक ओला महिना पुरतो. आजचा सगळा व्हिडिओ फिरून फिरून या भोकांपाशीच येणार आहे.

आता झुबका भोकात बसवतात कसा? मुख्य पद्धती तीन. पहिली, तारेने ओढून बसवायची. यात भोक आरपार असतं, मागच्या बाजूने तार आत घालायची, तिचा फास करायचा, फासात केस धरायचे आणि मागून खेचायचं, की झुबका दुमडला जाऊन भोकात घट्ट बसतो. मग तीच तार पुढच्या भोकात, मग पुढच्या, असं एकाच लांब तारेने अख्खी ओळ शिवत जायचं, आणि शेवटी मागे लाकडाची दुसरी पट्टी चिकटवून किंवा स्क्रूने लावून तारा झाकून टाकायच्या. वेळखाऊ काम आहे, पण एक झुबका हाताने उपटून बघा, येत नाही. युरोपात हे काम पिढ्यान् पिढ्या अंध कारागिरांच्या कार्यशाळांमध्ये होत आलंय, कारण ते पूर्ण स्पर्शावर करता येतं, झुबका किती जाड घेतलाय हे बोटांना डोळ्यांपेक्षा नेमकं कळतं.

दुसरी पद्धत मशीनची. भोक आरपार नसतं, झुबका दुमडून तारेच्या छोट्या तुकड्याने म्हणजे पिनेने भोकाच्या तळाशी ठोकतात. स्वस्त पडतं, फटाफट होतं, आणि यात वाईट काही नाही, फक्त त्या पिनेची सगळी पकड लाकडावर अवलंबून असते हे लक्षात ठेवा. तिसरी, डांबरासारख्या गरम राळेत किंवा आता इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदात, झुबका बुडवून भोकात बसवायचा. दाढीच्या ब्रशची गाठ, म्हणजे त्याचा केसांचा अख्खा गुच्छ, अशी चिकटवलेलीच असते.

ओळखायचं कसं? ब्रशच्या कडेला बघा, दोन थरांमधली जोडाची रेघ दिसली तर तारेने ओढलेला असण्याची शक्यता जास्त. एकसंध लाकूड असेल तर बहुधा मशीनची पिन. 'हॅंडमेड' लिहिलंय म्हणून हाताने ओढलेलाच असेल असं काही नाही हां, दांडा हाताने घासला आणि केस मशीनने ठोकले तरी तो शब्द छापतात लोक.

बरं, लाकूड. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं, आकसतं, हे माहीतच आहे. पण ते सगळीकडून सारखं फुगत नाही, ही गंमत आहे. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीला, जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आडवं मात्र भरपूर फुगतं. ब्रशसाठी युरोपात सगळ्यात जास्त वापरतात ते बीच नावाच्या झाडाचं लाकूड, कारण ते घट्ट, बारीक पोताचं, भोक पाडलं की कडा स्वच्छ राहतात, ढलप्या उडत नाहीत. पण हेच बीच पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढचक्रांच्या दिशेने साधारण 11 ते 12 टक्के आकसतं. साग त्याच्या निम्माच, 5 ते 6 टक्के. म्हणजे ब्रश बनवायला सगळ्यात सोयीचं लाकूड पाण्याच्या बाबतीत जरा नाजूक आहे. नासपतीचं लाकूड, मेपल, अक्रोड, ऑलिव्ह हीसुद्धा वापरतात. ऑलिव्ह दिसायला देखणं, तेलकट, पण त्याच्या रेषा इतक्या वेड्यावाकड्या की भोकांच्या ओळी कशा पाडल्यात यावर बरंच ठरतं. ओक घेतलात तर त्यात टॅनिन असतं, चहाला तुरटपणा देतं तसलं द्रव्य, लोखंडी पीन ओली झाली की भोवती निळे-काळे डाग पडतात. ती बुरशी नाही, टॅनिन आणि लोखंडाची रिअ‍ॅक्शन आहे, घाबरू नका, पण पीन गंजायला लागलीय एवढं त्यातून कळतं.

आणि एक 'थर्मो' लाकूड म्हणून मिळतं, रंगाने चॉकलेटी. साधंच बीच किंवा अ‍ॅश, 180 ते 215 अंशांच्या आसपास ऑक्सिजन न लागू देता तापवलेलं. ते पाणी कमी पितं, हालचाल कमी करतं, म्हणून बाथरूमच्या आणि भांड्यांच्या ब्रशला मस्त. पण थोडं ठिसूळ होतं, फरशीवर आपटलं तर कोपरा उडतो.

आता भोकात पाणी गेल्यावर होतं काय, ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचे सगळे नियम पाठ करावे लागणार नाहीत. वरचा थर ओला होतो आणि फुगायला बघतो, आतलं लाकूड कोरडं असल्यामुळे त्याला फुगू देत नाही, मग वरच्या थरातल्या पेशी जागच्या जागी दाबल्या जातात, चेपतात. ब्रश वाळला की या चेपलेल्या पेशी परत पहिल्याएवढ्या होत नाहीत, त्यामुळे तो थर आधीपेक्षा जास्त आकसतो आणि तडकतो. आणि तडा कुठून जाणार? जिथे लाकूड आधीच कमी आहे तिथून, एका भोकातून दुसऱ्या भोकात, पोस्टाच्या तिकिटांचा कागद भोकांवरून फाटतो ना तसा. म्हणून चांगला कारागीर रेषांच्या दिशेने भोकं एकामागे एक सरळ पाडत नाही, थोडी मागेपुढे, तिरकी पाडतो. विकत घेताना हे बघा, अगदी फोटोतही दिसतं.

त्यात पिनेचं वेगळंच. लाकडात ठोकलेली कुठलीही पीन किंवा खिळा ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहिलं की सैल होत जातो, आणि साधं लोखंड असेल तर वर गंज. मग एक दिवस अख्खा झुबका हातात येतो. सुटे दोन-चार केस गळणं वेगळं बरं का. नवीन ब्रशमधून सुरुवातीला थोडे केस गळतातच, दुमडताना मधोमध न सापडलेले तोकडे केस असतात ते, काही दिवसांत थांबतं. अख्खा झुबका आला तर मात्र भोक गेलं समजा.

चला, केसांकडे येऊ. दोन घराणी आहेत, प्राण्यांची आणि झाडांची, आणि दोघांची काळजी वेगळी, इथेच लोक घोळ घालतात.

प्राण्यांमध्ये पहिला नंबर डुकराच्या राठ केसाचा. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळता, आणि टोक नैसर्गिकरीत्या दोन-तीन फाट्यांत चिरलेलं. मोबाईलचा मॅक्रो मोड लावून बघा, दिसतात हे फाटे. [मॅक्रो शॉट इथे] त्या फाट्यांमध्ये रंग, पॉलिश, तेल धरून राहतं, म्हणून ऑइल पेंटचे चांगले ब्रश आणि विंचरायचे ब्रश दोन्हीकडे हाच केस. डोक्यावर तो काय करतो, तर टाळूजवळचं तेल केसांच्या टोकापर्यंत पसरवत नेतो. गुंता सोडवायला तो नाहीये! गुंता आधी कंगव्याने सोडवा, मग हा. आणि केस खूप दाट किंवा कुरळे असतील तर नुसता राठ केसाचा ब्रश टाळूपर्यंत पोचतच नाही, वरवर फिरतो, माझ्या मते अशांनी सरळ लाकडी दातांचा ब्रश घ्यावा.

घोड्याचे केस: शेपटीचे राठ, आयाळीचे मऊ. बूट चमकवायला शेपटीचे. बकरीचे केस एकदम मऊसूत, पुस्तकं, कॅमेरा, चित्रांच्या फ्रेमा, पियानो असलं काही झटकायला, घासायला अजिबात नाही. बिज्जूचे, म्हणजे बॅजरचे, दाढीला, कारण पाणी छान धरून ठेवतात. यावरून एक किस्सा, खरा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दाढीच्या ब्रशमुळे लोकांना अँथ्रॅक्स झाला होता! बॅजरचे केस मिळेनात म्हणून घोड्याचे केस घातले, ते नीट निर्जंतुक केले नव्हते, आणि दाढी करताना त्वचेला कापलं की जंतू आत. तेव्हापासून केसांच्या निर्जंतुकीकरणाचे नियम कडक झाले. त्यामुळे प्राण्यांच्या केसांचा ब्रश घेताना 'केस निर्जंतुक केलेत का' हा प्रश्न बिनधास्त विचारा, बनवणाऱ्याकडे उत्तर तयार असायला हवं.

हे सगळे केस म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांचंच प्रोटीन. ते आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकतं आणि भिजलं की लुळं पडतं. म्हणून पाण्याच्या रंगांना आणि भांड्यांना डुकराच्या केसांचा ब्रश कुचकामी. आणि ब्लीच? कधीच नाही. नाल्या मोकळ्या करायचं लिक्विड अडकलेले केस विरघळवतं ना, ते ज्या जोरावर विरघळवतं तोच सोडियम हायपोक्लोराइट आणि कॉस्टिक सोडा तुमच्या ब्रशचे केसही विरघळवणार. धुण्याचा सोडासुद्धा नको.

ज्यांना प्राण्यांचे केस नकोत त्यांच्यासाठी झाडाचे तंतू, आणि खरं सांगू का, ओल्या कामाला मला हेच जास्त आवडतात. आपला काथ्या घ्या. नारळाच्या सोडणातला हा तंतू, यात लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा घटक, 40 टक्क्यांच्या वर असतं, कापसात जवळजवळ नसतंच, आणि लिग्निनमुळे तो सहज कुजत नाही, खाऱ्या पाण्यातसुद्धा टिकतो. चरे पाडत नाही फारसे, पण फार ताठही नाही. ताडाचा तंतू त्याहून कडक, फरशी आणि जळकी कढई यांच्यासाठी. भेरली माडाचा तंतू काळा, लवचिक, दिसायला घोड्याच्या केसासारखा. मग टँपिको, हा मेक्सिकोतल्या घायपाताच्या जातीच्या एका झाडाचा, पांढरट पिवळा, मऊ आणि कडक यांच्या मधला, पाणी आणि साबण धरून ठेवतो, गरम पाण्यालाही घाबरत नाही. अंग घासायच्या आणि भांड्यांच्या ब्रशमध्ये बघाल तर पांढरे आणि तपकिरी तंतू मिसळलेले दिसतील, ते डिझाइन म्हणून नाही, पांढरा टँपिको पाणी धरतो आणि तपकिरी ताडाचा तंतू घासतो, म्हणून एकत्र. ब्राझीलमधला पियासावा अजून जाड, रस्ते झाडायच्या झाडूत जातो, घरात नको.

आता ब्रश 'नॅचरल' म्हणून विकलाय पण शंका येतेय? एक तंतू उपटा, चिमट्यात धरा आणि जाळा. सिंकवर, पंखा बंद करून, लहान मुलं लांब. केस जळल्याचा वास आला आणि उरलेली काळी गुठळी बोटात चुरली तर प्राण्याचा केस. कागदासारखा पेटला आणि राखाडी राख राहिली तर झाडाचा तंतू. वितळून टोकाला कडक मणी झाला तर नायलॉन किंवा दुसरं प्लास्टिक, मग लेबल काहीही म्हणो. नायलॉन काही शिवी नाहीये बरं, 1938 साली नायलॉनचा टूथब्रश बाजारात आला आणि दात घासायला डुकराचा केस मागे पडला ते बरंच झालं, डुकराचा केस हळू वाळतो आणि त्यात जंतू साठतात. पण नैसर्गिक म्हणून पैसे घेऊन नायलॉन द्यायचं, हे चुकीचं.

धुणं. विंचरायच्या ब्रशपासून सुरू करू. आधी कोरडाच साफ करा, अडकलेले केस कंगव्याच्या दातांनी किंवा जाड सुईने बुडापासून वर उचला, ओढू नका, ओढलं की झुबक्यावर ताण येतो. मग एका बशीत कोमट पाणी, शांपूचे एक-दोन थेंब, आणि ब्रश पालथा धरून केसांची फक्त टोकं त्यात फिरवायची. लाकूड पाण्याला लागता कामा नये, हा एकच नियम. मग तसाच स्वच्छ पाण्यात, झटकायचं, टॉवेलवर टिपायचं. ज्याला खाली रबराची गादी असते त्या ब्रशला बऱ्याचदा गादीवर एक बारीक छिद्र असतं, ते हवेसाठी असतं, गादी दबावी म्हणून. त्यातून पाणी आत गेलं की बाहेर यायला दिवस लागतात आणि आत वास धरतो. गादी दाबून खळखळ आवाज आला तर छिद्र खाली करून दाबत दाबत काढा सगळं.

वाळवताना केस खाली! पालथा, दोन कडा कशावर तरी टेकवून, म्हणजे खालून हवा खेळेल, किंवा सरळ टांगून. केस वर करून ठेवलात की सगळं पाणी गुरुत्वाकर्षणाने थेट भोकात. सिंकजवळच्या त्या गोल भांड्यात दांडा खाली, केस वर असे ब्रश उभे केलेले दिसतात ना, फोटोत छान दिसतं, पण ओल्या ब्रशला तीच सगळ्यात वाईट जागा. कडक ऊन नको, हेअर ड्रायर नको, हीटर नको. उन्हात वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच, आणि मग वर सांगितलेली चेपाचेपी उलटीकडून होते. सावली आणि वारा, बास.

भांड्यांच्या ब्रशला अर्थात ओलं व्हावंच लागतं, तिथे 'लाकूड भिजवू नका' म्हणणं म्हणजे थट्टाच. तिथे नियम एवढाच की काम झालं की धुवायचा, झटकायचा, टांगायचा, भांड्यांच्या ढिगात पाण्याखाली सोडून जायचं नाही. आणि दोन ब्रश आलटून पालटून वापरा, एकाला पूर्ण वाळायला वेळ मिळतो, दोन्ही मिळून एकाच्या दुपटीहून बरेच जास्त टिकतात असा माझा अनुभव. डिशवॉशर अजिबात नाही, त्यात गरम पाणी, क्षारयुक्त डिटर्जंट आणि वरून गरम हवा, लाकडाला नको असलेलं सगळं एकाच डब्यात. तंतूंवर पाण्याचे क्षार बसून पांढरे कडक झाले असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये फक्त टोकं थोडा वेळ बुडवा आणि धुवा, पण हे फक्त झाडाच्या तंतूंना.

आता तेल. इथे लोक खोबरेल चोपडतात आणि मग म्हणतात चिकट झालं. तेलांत दोन प्रकार: सुकणारी आणि न सुकणारी. जवसाचं तेल, टंग ऑइल (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं), अक्रोडाचं तेल ही हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात, लाकडात त्यांचा पातळ प्लास्टिकसारखा थर तयार होतो. खोबरेल, ऑलिव्ह, शेंगदाणा ही तशी सुकत नाहीत, ओलीच राहतात, धूळ ओढतात, आणि यातली काही कालांतराने खवट होतात. तर ब्रश पूर्ण कोरडा असताना, म्हणजे धुतल्यावर दोन-तीन दिवसांनी, सुती फडक्यावर जवसाचं तेल अगदी थोडं घ्या, लाकडाला चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी जे वर राहिलंय ते सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं, वर राहिलेलं तेल आठवडाभर चिकचिकत राहतं. दांड्याचं कापलेलं टोक असतं तिथे दोनदा-तीनदा लावा, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात आणि पाणी तिथूनच भसाभस आत जातं. केसांना तेल नको. वर मधमाशीचं मेण घासून चमकवलं तर हाताला छान लागतं, पण नुसत्या मेणाच्या भरवशावर राहू नका, गरम पाण्याच्या ब्रशवर ते टिकत नाही, 62 ते 64 अंशांना वितळतंच. 'बॉइल्ड' जवस तेल दुकानात मिळतं त्यात लवकर सुकावं म्हणून बहुधा धातूंची संयुगं घातलेली असतात, तोंडाला आणि भांड्यांना लागणाऱ्या ब्रशला कच्चंच घ्या, सुकायला जास्त दिवस लागतील, लागू देत.

आणि हे स्किप करू नका प्लीज: तेलाचं ते फडकं चुरगळून कचऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, फडकं गोळा करून टाकलं की ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं, काडी लागत नाही. 23 फेब्रुवारी 1991 ला अमेरिकेत फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाच्या 38 मजली इमारतीला आग लागली, तीन अग्निशमन जवान गेले, आणि सुरुवात जवसाच्या तेलात भिजलेल्या फडक्यांपासून झाली होती. म्हणून फडकं बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

किड्यांचं पटकन. प्राण्यांच्या केसांना कसर लागते, लोकरीच्या कपड्यांना लागते तीच, अळ्या केराटिन खातात. रोज वापरातल्या ब्रशला सहसा काही होत नाही, कपाटात वर्षभर पडलेल्याला होतं. ठेवायचा असेल तर स्वच्छ, कोरडा करून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत. लागलीच असेल तर पिशवीसकट फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ब्रश खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं बाष्प गार लाकडावर जमून परत पाणी भोकात. झाडाच्या तंतूंना कसरीचा त्रास नाही, त्यांचा शत्रू बुरशी, आणि बंद पिशवीत ओला ठेवलात तर तीच येणार. काळे ठिपके नुसते वर असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून, वाळवून, तेल लावून चालतं. भोकांच्या आतून येत असतील तर तो ब्रश भांड्यांना वापरू नका.

आणि झुबका निघालाच तर? पिनेचा असेल तर एखाद-दुसरा झुबका लाकडाला चालणाऱ्या गोंदाने परत बसवता येतो, भोक आधी पूर्ण वाळवा, नाहीतर गोंद धरत नाही. तारेने ओढलेला असेल तर मागची पट्टी उघडून नवे केस ओढता येतात, जुन्या ब्रशचं लाकूड ठेवून केस बदलून देणारे कारागीर अजून आहेत, घेतानाच विचारून ठेवा. भोकांमधून आरपार तडा गेला असेल तर गोंद भरत बसू नका, तो पुढच्या ओल्या दिवशी परत उघडतो. असला ब्रश सायकलची चेन, कुंड्या, चपलांचे तळ यासाठी वेगळा काढा. तारा-पिना काढून घेतल्या, आणि त्यावर वॉर्निश किंवा पेंट नसेल, तर लाकूड आणि झाडाचे तंतू दोन्ही खतात जातात.

दाढीच्या ब्रशची गाठ कशी बदलायची यावर वेगळा व्हिडिओ करतोय, ते काम जरा मोठं आहे. तुमच्या ब्रशला काय झालंय ते कमेंटमध्ये टाका, फक्त भोकांजवळचं नीट वर्णन करा, नुसतं 'केस गळतात' लिहिलंत तर मी परत तेच विचारणार, एकेक गळतोय की झुबका येतोय?